अकरा विड्या

कारखान्यात माझ्याकडं दोन माग.
वीस वर्षं झाली, खटखट आता ऐकूच येत नाही.
पण धागा तुटून एखादा माग थांबला
की पाठमोरा असलो तरी मान वळते.
आवाज नाही,
आवाजाचं थांबणं ऐकू येतं मला.

म्हणजे ते आधी मलाच कळायला हवं होतं.

पण माझी रात्रपाळी. सकाळी घरी यायचो
तेव्हा चिन्नाला हलवून हलवून उठवलेलं असायचं,
तोंड उघडं, डोळ्यांखाली निळसर,
आणि लावण्या बोळात चादर पिळत उभी.
पाच वर्षांचा झाला तरी रोज ओली.

अव्वा म्हणायची, आजोबावर गेलंय पोरगं,
ते घोरायचे तर गल्लीतली कुत्री उठायची.
सगळे हसायचे. मीही.
घोरणं म्हणजे गाढ झोपेची पावती,
असं आमच्या घरकुलात सगळ्यांचंच मत.

शाळेतून बिराजदार बाईंचा निरोप आला.
अक्षर गिरवता गिरवता पाटीवर डोकं टेकतो,
उठवलं तर चावतो.
वांड नाहीये हो, दमलेला आहे, म्हणाल्या.
पाच वर्षांचं मूल कशानं दमतं?
मी दोन पाळ्या केल्यावर दमतो, तसं?

मग मे महिन्यात कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला
आणि चार रात्री मी घरी.
बारा वाजले तरी पत्रे निवेनात.
लावण्या दाराशी सूप मांडीवर घेऊन
जुड्या बांधायला विड्या मोजत होती.
चिन्नानं उशी ढकलून दिलेली, मान मागं टाकलेली,
हनुवटी पत्र्याकडं,
विहिरीत बुडालेलं पोर वर येताना करतं तशी.
खर्र. खर्र. खर्र.
आणि माग थांबला.

मी ताडकन उठून बसलो.
छाती हलत होती त्याची, जोर लावून,
फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती,
पण नाकातोंडाशी काहीच ये-जा नाही.
मग एक गचका, हापसा मारल्यासारखा श्वास,
कूस बदलून पुन्हा खर्र.

"अकरा विड्या," लावण्या म्हणाली.
"काल चौदा झाल्या होत्या."
तुला ठाऊक होतं?
"कधीपासून मोजालेय. सांगू कुणाला?
तुम्ही सगळे हसत होता."

बाईंनीच सांगितलं, तोंडी पटणार नाही कुणाला,
मोबाईलवर काढून न्या.
सिव्हिलला नदाफ मॅडमनी आवाज मोठा केला,
रांगेतली माणसं वळून बघायला लागली.
दोनदा पाहिलं त्यांनी, भिंतीवरचं घड्याळ धरून.
मग जीभ दाबून टॉर्च मारला.
टॉन्सिल एकमेकींना टेकलेल्या,
नाकाच्या मागंही मांस वाढलं असणार.
"झोपत नाही तुमचं मूल," म्हणाल्या,
"रात्रभर श्वासासाठी भांडतंय.
बरं झालं, आणलंत."

लावण्यानं हात पदराला पुसले,
तंबाखूचा वास काही जात नाही.
माझ्यामुळं का, मॅडम?
मॅडम जरा थांबल्या.
तसं म्हणता येणार नाही. पण सूप आणि पोरगं
एका खोलीत नको.
एकच खोली आहे, मॅडम.
यावर त्यांनी काही लिहून दिलं नाही.

एक रात्र बोटाला लाल दिवा लावून झोपला.
आकडे घसरायचे, चढायचे, पुन्हा घसरायचे.
मग ऑपरेशनची तारीख.
मग आठवडाभर आईस्क्रीम, आणि मागून मागून भात.

आता सूप यल्लव्वाच्या ओट्यावर असतं.
चादर सुकी.
बाईंना तो परवा उलट बोलला,
त्या म्हणाल्या, चला, जागा झाला.

सुट्टीच्या रात्री मात्र माझी झोप उडते.
घरात इतकं शांत, की मान आपोआप वळते.
त्याच्या नाकाखाली हाताची पालथी बाजू धरतो.
ऊब येते, जाते.
अंधारातून लावण्या विचारते, किती?
एक, मी म्हणतो.
परत एक.